सुलट, उलट आणि आटलेला स्वेटर

(द्वितीय वर्ष, कला)

‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासापासून वर्षानुवर्षे न मिटणाऱ्या बांधाच्या भांडणापर्यंत जे जे म्हणून रेंगाळते, ते आपल्या भाषेत भिजत पडलेले घोंगडे असते. परंतु प्रत्यक्ष भिजलेले घोंगडे उचलून पाहण्याचा प्रसंग आमच्या वर्गातील फारच थोड्यांवर आला असेल. माझ्यावर तो दर वर्षी येतो. घरची घोंगडी ओढ्यावर धुवायला नेली की एक टोक आईने आणि एक टोक मी धरून ती पिळावी लागते, आणि इतके पिळूनही दुसऱ्या दिवशीच्या उन्हाशिवाय ती वाळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले. मेंढ्यांमागे पावसात हिंडणारा माणूस घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन का हिंडतो, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

यंदाच्या वार्षिकासाठी काही अभ्यासपूर्ण लिही, असे आमच्या बाईंनी सांगितले. तेव्हा मी ‘घरगुती लोकरकाम’ हा विषय सांगितला आणि वर्गात थोडे हसू झाले. ‘हा काय कला शाखेचा विषय आहे?’ असे एकीने विचारलेही. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हेच ते उशिरा सुचलेले उत्तर समजावे.

आमचे गाव माण तालुक्यात आहे आणि घर खुटेकर धनगरांचे. घोंगड्या विणणे हा सनगरांचा आणि आम्हां खुटेकरांचा पिढीजात धंदा. आजोबांपर्यंत आमच्या सोप्यात खड्डामाग होता. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरायच्या, लोकर निवडायची, पिंजायची, तिचे पेळू करायचे, चरख्यावर सूत काढायचे, मग ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून ही खळ करतात. कुंच्याने ती ताण्यावर फासली म्हणजे धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. तिची घोंगडी निराळी आणि महाग. हे सर्व मी पाहिलेले थोडे आणि ऐकलेले फार. माझ्या लहानपणीच मागाचा खड्डा बुजवला गेला. आता त्या जागी धान्याची कणगी आहे.

धनगरांच्या दैवतांविषयी वाचायला मला ग्रंथालयात पुष्कळ मिळाले. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा ग्रंथ तर विठ्ठलाचे मूळच गवळी-धनगरांच्या देवात शोधतो. गुंथर सोंथायमर या जर्मन विद्वानाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यासाठी किती पायपीट केली तेही वाचले. लोकरीबद्दल मात्र मला आजीलाच विचारावे लागले. एक गोष्ट तिने विचारल्याशिवाय सांगितली नाही. तिने लग्न होऊन आल्यापासून चरखा चालवला. तिच्या हातच्या सुताच्या किती घोंगड्या झाल्या याची गणती नाही. पण तिने स्वतः एकही घोंगडी विणलेली नाही. आमच्या घरी चरखा बायकांचा आणि माग पुरुषांचा. ‘का गं आजी, कधी धोटा फेकून पाहावा असं वाटलं नाही?’ असे मी विचारले, तर म्हणाली, ‘तसली चालच न्हवती बघ.’ आणि तिने विषय बदलला.

मी विणकाम शिकले ते घरी नव्हे, वसतिगृहात. आमच्या रेक्टर बाई संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून दोन सुयांवर विणत बसत. आत-बाहेर करणाऱ्या मुलींची नोंद आणि सुया दोन्ही एकाच वेळी चाले. पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन मी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले, आणि रिकामी बसू नये म्हणून त्यांनी माझ्या हाती सुया दिल्या.

ज्यांना हे काम येते त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. विणण्याचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. धागा मागे ठेवून उजवी सुई टाक्यात समोरून मागे घातली आणि धाग्याचा वेढा ओढून पुढे आणला की झाला सुलट. धागा पुढे घेऊन, सुई मागून पुढे काढून वेढा मागे नेला की उलट. पहिला महिना मी हे दोन वेगळे टाके समजत होते. एके दिवशी बाईंनी माझे विणकाम फक्त फिरवून दाखवले. सुलट टाक्याची पाठ म्हणजेच उलट टाका! टाका एकच, आपण त्याच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत एवढाच काय तो फरक. प्रत्येक ओळ सुलट विणली तर कापड दोन्ही अंगांनी सारखे, जाडसर आणि सपाट होते. एक ओळ सुलट, एक उलट असे विणले तर समोर गुळगुळीत साखळ्या दिसतात, पण कडा आत वळतात. एकाच ओळीत एक सुलट एक उलट केले की ताणणारी पट्टी होते. स्वेटरचा गळा, मनगट आणि कमर याच पट्टीची करतात, कारण ती ताणून पुन्हा जागेवर येते. एवढ्या भांडवलावर बाकीची सर्व नक्षी उभी आहे.

मागावरचे कापड आणि सुईवरचे कापड यांत मला एक मोठा भेद दिसला. मागावर ताणा वेगळा, बाणा वेगळा. शेकडो धागे आधी मांडून ठेवावे लागतात, त्यासाठी खड्डा, फणी, जागा आणि घरात मान लागतो. सुयांच्या विणकामात मात्र धागा एकच. तोच स्वतःच्या वेढ्यांत अडकत अडकत कापड होतो. म्हणून ते कोठेही बसून करता येते, पिशवीत घालून नेता येते, आणि चुकले तर धागा ओढून सगळे उसवता येते. (मी इतके उसवले आहे की या विषयात मला अधिकारवाणीने बोलण्यास हरकत नसावी.)

हे काम कायम बायकांचेच होते असेही नाही. सुयांनी विणलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले. ते बहुतेक सुती मोजे आहेत आणि त्यांतले जुने साधारण हजार वर्षांपूर्वीचे मानतात. युरोपात पुढे हा पुरुषांचाही धंदा झाला. इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. म्हणजे ज्या कामाला आपण फावल्या वेळचे बायकी काम म्हणतो, त्यासाठी यंत्र करावे असे सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पुरुषाला वाटले होते!

आता मूळ कथेकडे येते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला. ते पहाटे शेताला पाणी द्यायला जातात आणि त्यांच्या अंगावर एक जुने जाकीट असते. ‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करते. तीन महिन्यांचे त्यातले पैसे साठवून मी अस्सल लोकर आणली, पन्नास ग्रॅमचे दहा गुंडे. कमरेची पट्टी दहा नंबरच्या सुयांवर आणि अंग आठ नंबरच्या सुयांवर. पाठ, पुढची बाजू, दोन बाह्या, गळा. दिवाळीच्या सुटीत नेऊन दिला. बाबा फार बोलणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांनी तो घातला, गोठ्यापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा काढून घडी करून ठेवला. तो त्यांनी रोज वापरला, हे मला आईकडून कळले.

संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा स्वेटर माझ्या चुलतभावाच्या अंगावर होता. तो आठ वर्षांचा आहे.

झाले असे की शेणाचे डाग जावेत म्हणून आईने स्वेटर कढत पाण्यात साबण घालून भिजवला, दगडावर घासला, धोपाटण्याने चांगला बडवला आणि पिळून वाळत टाकला. सुती कपडा जसा धुवायचा तसाच धुतला. स्वेटर निम्म्याने आटला. टाके दिसेनासे झाले. हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा जाड. मी रडले, आईला नको ते बोलले. ‘तुला एवढंही कळत नाही का?’ असे मी आईला म्हणाले. आई काही बोलली नाही. ती दिवसभर बोलली नाही. ज्या बाईने मला शिकायला बाहेर पाठवण्यासाठी घरात भांडण काढले, तिला मी न कळण्याबद्दल बोलले, हे मला रात्री अंथरुणात पडल्यावर समजले.

आजीने मात्र तो स्वेटर हातात घेऊन चुरगाळून पाहिला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, ‘आगं, हे तर जेन झालं की!’

आजीचे माहेर कोल्हापूरकडचे. त्या भागात जेन करतात. जेन म्हणजे न विणता, नुसती लोकर दाबून-मळून केलेली जाड बैठक. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळायचे आणि हातापायांनी दाबत लाटत राहायचे. तासन्‌तास असे केल्यावर सुटी लोकर एकजीव होऊन त्याची चादर तयार होते. यात सूत नाही, ताणा नाही, टाका नाही. काश्मीर-राजस्थानात अशाच कामाला नमदा म्हणतात, इंग्रजीत फेल्ट. सैबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांत बर्फामुळे टिकून राहिलेले असे नमदे मिळाले. ते इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकांतले असून आज सेंट पीटर्झबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मेंढपाळ लोकांनी जगात जागोजागी जे मुद्दाम केले, ते माझ्या आईने आमच्या ओढ्यावर चुकून केले होते.

असे का होते हे समजून घेण्यासाठी मी विज्ञान महाविद्यालयातील एका मैत्रिणीला गाठले. तिने लोकरीचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवला. तो गुळगुळीत नसतो. त्यावर माशाच्या अंगावर असतात तशी खवले एकावर एक बसलेली असतात आणि त्या सर्वांची तोंडे टोकाकडे असतात. म्हणून तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. गरम पाण्याने तंतू फुगतो व लवचीक होतो, साबणाने निसरडा होतो. आणि मग घासणे-बडवणे सुरू झाले की प्रत्येक तंतू थोडा थोडा एकाच दिशेने सरकतो, शेजारच्यात अडकतो, पण मागे येऊ शकत नाही. कापड आटते ते असे. हे परत फिरत नाही. मागावरचे कापड दशी काढून सोडवता येते, सुईवरचे उसवता येते. जेन झालेल्या लोकरीचा एक धागाही पुन्हा सुटा होत नाही. म्हणूनच लोकरीचे कपडे कोमट किंवा गार पाण्यात, न घासता, हलक्या हाताने दाबून धुवावेत आणि टांगून न ठेवता सपाट जागी वाळवावेत. ही सूचना माझ्या गुंड्यांच्या कागदी पट्टीवर इंग्रजीत छापलेली होती. ती पट्टी मी वसतिगृहातच टाकून दिली होती. तेव्हा त्या दिवशी ‘एवढंही न कळलेली’ व्यक्ती कोण होती, हे वाचकांनी ठरवावे.

पुढे मी मुद्दाम प्रयोग केला. आठ नंबरपेक्षा जाड सुयांवर, जाड अस्सल लोकरीचा, बत्तीस टाके आणि चव्वेचाळीस ओळींचा तुकडा सैल हाताने विणला. तो वीस सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच भरला. त्याच मापाचा दुसरा तुकडा बाजारातल्या स्वस्त ‘लोकरी’चा विणला. दोन्ही कढत पाण्यात साबण लावून तीनदा चांगले मळले. अस्सल लोकरीचा तुकडा सोळा सेंटिमीटर रुंद आणि साडेतेरा उंच उरला. म्हणजे रुंदीपेक्षा उंचीत तो अधिक आटला. दुसरा वीसचा वीसच राहिला, फक्त थोडा लुळा पडला. याचे कारण, बाजारात लोकर म्हणून जे बहुतांशी मिळते ते ॲक्रिलिक असते. तो रसायनांपासून केलेला धागा. त्याला खवले नाहीत, म्हणून तो आटतही नाही आणि जमतही नाही. ओळखायचे असल्यास धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळक्या केसासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक भराभर जळते, वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. हा प्रयोग मोरीत पाण्याच्या बादलीशेजारी करावा, खोलीत गादीवर बसून करू नये. आमच्या खोलीची चादर साक्षीला आहे.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांनी पिशवीपासून सुरुवात करावी. हवी त्यापेक्षा रुंदीला पाव आणि उंचीला निम्म्याने जास्त विणावे. टाके इतके सैल असावेत की पलीकडचे दिसेल. कडा शिवून घ्याव्यात. मग कढत पाणी, अंगाचा साबण आणि घासायचा लाकडी पाट. मधून मधून बाहेर काढून पाहावे, कारण थांबण्याची वेळ आपणच ठरवायची असते. टाके दिसेनासे झाले की गार पाण्याने खळबळावे, आत कागदाचे बोळे भरून आकार द्यावा आणि सावलीत वाळवावे. अशा कापडाला कात्री लावली तरी कडा उसवत नाही. शिवणकामाची ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. आटलेल्या स्वेटरच्या बाह्यांचे मी आईसाठी चुलीवरची भांडी उतरवायचे दोन जाड फडके केले. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून ते त्या कामाला चांगले. आईने ते बघितले आणि म्हणाली, ‘बरं झालं.’ त्यावर आमचे बोलणे पूर्ववत सुरू झाले.

एवढे सगळे होईपर्यंत माझ्या मनात एक प्रश्न घोळू लागला होता. मी गुंडे विकत आणत होते, आणि आमच्या वाडीत कातरलेली लोकर बांधावर पडून कुजत होती. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर देते, तीही काळी आणि भरड. कातरणाऱ्याची मजुरी निघेल एवढाही भाव तिला येत नाही. शिवाय आता पुष्कळ जण जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचे मेंढे आणतात. ती जात मांसाला चांगली, पण अंगावर लोकर नावाला. मेंढपाळाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला घर चालवायचे आहे. पण एक पोते लोकर तरी आपण कामी लावू, असे मला वाटले. मी आजीला चरखा काढायला सांगितला.

चरखा माळ्यावरून खाली आला. चात गंजली होती, ती बाबांनी घासून दिली. आजीचे हात थरथरतात असे आम्ही समजत होतो. चरख्यावर ते थरथरत नाहीत. तिने काढलेले सूत एकपदरी, भरड आणि मधून मधून केसाळ. मी त्याचे दोन पदर उलटा पीळ देऊन एकत्र केले, धुतले आणि वाळवले. सुया आमच्याकडे नव्हत्या, त्या बाबांनी बांबूच्या कामटीच्या तासून काचेने गुळगुळीत केल्या. या सुताचा स्वेटर होणार नाही, अंगाला टोचेल. पण बैठकीला ते उत्तम.

मी विणत होते आणि आजी माझ्या सुयांकडे पाहत होती. दोन दिवस तिने नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘हिकडं आण बघू.’

टाके मी घालून दिले, चाळीस. आजी ते ‘दोन इसा’ असे मोजते, कारण ती विसांनीच मोजते. सुलट टाका तिला तासाभरात आला. धाग्याचा ताण किती ठेवायचा हे मला शिकायला चार महिने लागले होते, तिला ते शिकवावेच लागले नाही. तिची बोटे आयुष्यभर तेच करत आली होती. उलट टाका मात्र ती घेईना. ‘येक बास हाय,’ म्हणाली. तिचे बरोबरच होते. सर्व ओळी सुलट विणल्या तर कापड जाड आणि सपाट होते, कडा वळत नाहीत, आणि बैठकीला तेच हवे. परीक्षा जवळ आल्यामुळे मला परत यावे लागले. येताना पाहिले तर हातभर विणून झाले होते. शेजारच्या बायका बसायला आल्या की ती विणकाम पदराखाली झाकते, आणि त्या गेल्या की पुन्हा काढते, असे आईने सांगितले.

गेल्या आठवड्यात घरी फोन केला तेव्हा आजी स्वतः बोलायला आली. एरवी ती फोनला हात लावत नाही. ‘आगं, दोन इसावर येक झाला. कुठनं आला त्यो?’ टाके चाळिसाचे एकेचाळीस झाले होते. ही चूक मीही सुरुवातीला पुष्कळ केली. ओळ उलटून घेताना धागा सुईवरून मागे गेला की कडेच्या टाक्याचे दोन्ही पाय वर ओढले जातात, ते दोन टाके दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. धागा सुईच्या खालून न्यायचा आणि पुढच्या ओळीत कडेचे दोन टाके मिळून एकच विणायचा, एवढाच उपाय. तो मी फोनवर तीनदा सांगितला. तिने ‘हां, हां’ म्हटले, पण तिला समजले असे मला वाटले नाही. तोपर्यंत जास्तीचा टाका तसाच राहू दे, विणत राहा, असे मी सांगितले आहे.